प्रकाशाच्या कळीने चालणारे चेतापेशींचे दरवाजे

रावेरकडे भरीत असो की ठेचा, मिरची आणि लसूण ठेचल्याशिवाय त्याला चव येत नाही. कच्च्या लसणाची पाकळी नुसतीच दाताखाली आली तर मात्र जीभ चुरचुरते. असे का होते, हे वर्गात विचारून पाहा. 'लसूण झणझणीत असतो म्हणून' असे उत्तर बहुधा येईल, पण हा तर प्रश्नच फिरवून सांगणे झाले.

लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसीन नावाचे द्रव्य तयार होते. (अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, तो यामुळेच.) चेतापेशीच्या पटलात प्रथिनांचे बारीक दरवाजे असतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे आयन आतबाहेर करतात. एरवी पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलीव्होल्टने कमी असतो. दरवाजे उघडून धन आयन आत शिरले, की हा फरक मोडतो आणि संदेश मेंदूकडे निघतो. 'टीआरपीए-१' नावाच्या दरवाजात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. अ‍ॅलिसीन त्याच्याशी जोडले जाते आणि दरवाजा उघडतो. मिरचीतील कॅप्सेसिन दुसराच दरवाजा उघडते. त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

म्हणजे रसायनाने चेतापेशी चाळवता येते, हे आपण रोज जेवताना अनुभवतो. अडचण अशी, की एकदा खाल्लेली मिरची मनात येईल तेव्हा बंद करता येत नाही. दिव्याच्या बटणासारखे चालू-बंद करता येईल असे रसायन मिळाले तर?

असे रसायन फार पूर्वीच सापडले होते, पण त्याचा हा उपयोग कोणाच्या ध्यानात आला नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेतील मिथिल ऑरेंज आपण सर्वांनी हाताळलेले आहे. ते ज्या कुळातले, त्या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे अ‍ॅझोबेंझीन. मित्शरलिख यांनी ते १८३४ साली तयार केले. त्याच्या रेणूत दोन बेंझीन कड्यांच्या मध्ये नायट्रोजनच्या दोन अणूंचा दुहेरी बंध असतो. एरवी हा रेणू लांब, सरळ असतो. अतिनील किरण पडले की तो मधोमध वाकतो, आणि निळा प्रकाश दिला किंवा अंधारात ठेवला की पुन्हा सरळ होतो. हा वाकलेला समघटक हार्टली यांनी १९३७ साली ओळखला. मिथिल ऑरेंजच्या बाटलीवर उजेड टाकून मात्र काही दिसणार नाही, कारण पाण्यात तो रेणू क्षणार्धात परत सरळ होतो.

वाकल्यावर रेणूची लांबी सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. एवढ्यावर किती काम होते पाहा. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत अर्लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत-ईल माशाच्या पेशींवर अशी रसायने वापरून प्रकाशाने त्यांचा विद्युतदाब बदलून दाखवला. २००४ साली क्रेमर, ट्राउनर आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियमच्या दरवाजाला अ‍ॅझोबेंझीनची दोरी बांधून तिच्या टोकाला बूच लावले. दोरी लांब असली की बूच दरवाजात बसते. ३८० नॅनोमीटरच्या किरणांनी दोरी आखडली की बूच निघते, पोटॅशियम बाहेर पडते आणि चेतापेशी गप्प होते. हिरवट प्रकाशात ती पुन्हा बोलू लागते. यासाठी दरवाजाच्या जनुकात मात्र फेरफार करावा लागला होता.

२०१३ साली अमेरिकेत कोकेल, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या 'ऑप्टोव्हिन'ला जनुकबदलाचीही गरज नव्हती. प्रयोगाचा प्राणी होता झेब्रामासा. हा मूळचा आपल्याकडचाच. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांबरोबर त्याचे वर्णन केले. त्याची पिल्ले पारदर्शक असल्याने प्रकाश सहज आत पोहोचतो. पाण्यात ऑप्टोव्हिन घालून जांभळा प्रकाश टाकला की पिल्ले वळवळू लागत आणि प्रकाश बंद केला की काही वेळात थांबत. ज्या पिल्लांत टीआरपीए-१ हा दरवाजाच नव्हता, ती हलली नाहीत. म्हणजे लसणाचाच दरवाजा, आणि त्यातले तेच सिस्टीन! पण हा दरवाजा झोंबण्याच्या, दुखण्याच्या संवेदनेचा आहे. 'प्रकाशाने मासा हलवला' हे वाचताना त्या पिल्लाला झोंबत असावे हेही लक्षात असू द्यावे.

माणसाला याचा उपयोग कुठे? पहिला मान डोळ्याचा, आणि ते योग्यच आहे. आपल्या दृष्टिपटलातही 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू प्रकाशाने असाच आकार बदलतो. तेथे वाकडा रेणू सरळ होतो, एवढेच. काही आनुवंशिक रोगांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण मागच्या चेतापेशी शिल्लक राहतात. अशा आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांत २०१२ साली अ‍ॅझोबेंझीन कुळातील एक रसायन टोचले, तेव्हा त्यांची बाहुली प्रकाशात पुन्हा आकुंचन पावू लागली. तो परिणाम तासांपुरताच टिकला. याच कुळातील सुधारित औषधाची मोजक्या रुग्णांवरील पहिली चाचणी २०२२ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली.

शरीराच्या आत, पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत हे का जमत नाही, ते अंधाऱ्या खोलीत विद्यार्थ्यांना दाखवता येईल. पांढऱ्या प्रकाशाची विजेरी बोटांवर घट्ट टेकवून लावा. बोटांपलीकडे फक्त लाल उजेड दिसेल. जांभळा आणि निळा प्रकाश मांसात, रक्तात शोषला गेला. म्हणूनच लाल किंवा अवरक्त प्रकाशाने वाकणारे रेणू बनवण्याच्या मागे रसायनशास्त्रज्ञ लागले आहेत.