शेवटचा पाय बघा!

आमच्या बीडला खेकडा म्हटला की बिंदुसरेच्या काठचा. पावसाळ्यात पोरं त्याच्या बिळांशी घुटमळतात आणि आया घरात काळजी करतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला वन्संकडे गेलो, तेव्हा आमच्या धाकट्याला वाटलं, आपल्याला खेकड्यातलं सगळं कळतं. ओहोटीला खडकातल्या डबक्यात एक दिसला. पठ्ठ्यानं सरळ हात घातला आणि दुसऱ्याच क्षणी किंचाळला. बोटातून रक्त!

मी सवयीनं हळदीची डबी आठवू लागले. वन्संनी मात्र जखम आधी स्वच्छ पाण्यानं धुतली, स्वच्छ रुमालानं दाबून धरली. मग म्हणाल्या, "वहिनी, हा तुमच्याकडचा नव्हे. हा पोहणारा. त्याचा शेवटचा पाय बघा."

खरंच! बिंदुसरेच्या खेकड्याचे चालायचे सगळे पाय टोकदार. याची शेवटची जोडी मात्र टोकाशी चपटी, अगदी उलथन्याच्या पात्यासारखी. हीच त्याची वल्ही. त्यांच्या जोरावर तो पाण्यात सर्रकन आडवा पळतो.

दुसरी खूण पाठीची. नदीच्या खेकड्याची पाठ बरीचशी गुळगुळीत. याच्या डोळ्यांपासून दोन्ही बाजूंना करवतीसारखे दाते असतात. खडकाळ किनाऱ्यावर सापडणाऱ्या या गटाला शास्त्रज्ञ 'कॅरिब्डिस' म्हणतात. त्यात एकेका बाजूला साधारण सहा दाते मोजता येतात. खाडीतल्या मोठ्या चिंबोरीचेही शेवटचे पाय असेच चपटे, पण तिचे दाते नऊ. बाजारात पाठीवर तीन तांबूस-काळपट ठिपके असलेला खेकडा दिसला, तर तोही पोहणाऱ्यांपैकीच. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये. तो वयाप्रमाणे बदलतो.

नर-मादी ओळखायची तर पोटाकडून बघावं. नराच्या पोटावरची झडप अरुंद, निमुळती. मादीची रुंद, गोलसर. झडपेखाली अंड्यांचा पुंजका असेल, तर तिला पाण्यात सोडून द्यावं, असं वन्सं सांगतात.

मैत्रिणींनो, मुलांना घेऊन खडकांवर जाल, तेव्हा एवढं पाळा. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसांना विचारून ठेवा. पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट असू द्या. शेवाळावर पाय सटकतो. कपारीत न बघता हात घालू देऊ नका. चावा बसलाच, तर जखम साबण-पाण्यानं धुवा, हळद-कुंकू भरू नका. जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

धाकट्याचं बोट आठवड्यात बरं झालं. धडा मात्र पक्का बसला. यंदाच्या पावसाळ्यात बिंदुसरेच्या काठी एक खेकडा दिसला, तेव्हा हा लांबच उकिडवा बसला. बराच वेळ न्याहाळून मला हाक मारली,

"आई, ह्याला उलथनं नाही!"