वानप्रस्थ: वैनगंगेच्या काठानं

आजचा विषय पत्रिकेत 'आश्रमव्यवस्था आणि वार्धक्य' असा छापला आहे. तो तसाच ठेवतो, पण सुरुवात एका प्रवासापासून करतो. कारण चाळीस वर्षं वानप्रस्थ हा शब्द मी वर्गात शिकवला आणि एकदाही जंगलात जाऊन पाहिलं नाही.

निवृत्त जोडप्यांचा प्रवास म्हटलं की हल्ली एक चित्र ठरलेलं असतं. मुलाकडे अमेरिकेत गेलेले आमचे बरेच मित्र पॅसिफिकच्या काठानं गाडीतून सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस जाऊन आले आहेत. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर, आणि फोटोत दोघंही गॉगल लावून. आम्हालाही मुलाचं बोलावणं होतं, पण ते प्रवासाचं नव्हतं, कायमचं होतं. नागपूरचा फ्लॅट विका आणि इकडे या. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा. त्यावर ही म्हणाली, "आधी आपण आपल्या इकडची नदी बघून येऊ." मार्चचा दुसरा आठवडा होता. आम्ही निघालो.

गाडी ही चालवते. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी शेजारी बसून सूचना करतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

रस्ता सांगून टाकतो. नागपूरहून चंद्रपूर. तिथून मूलमार्गे वैनगंगा ओलांडून चामोर्शीकडे, मार्कंड्याला. मग आष्टी, आलापल्ली. आलापल्लीहून एक फाटा भामरागडला आणि दुसरा खाली सिरोंचाला जातो. परतताना गडचिरोली आणि धानोरा रस्त्यावरचं मेंढा. आष्टीजवळ चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा भेटतात, तिथून नदीचं नाव प्राणहिता. ती तेलंगणाची सीमा धरून सिरोंचापर्यंत जाते आणि गोदावरीत मिसळते. आणखी खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. समुद्र नसला तरी इतक्या नद्या एका प्रवासात पाहायला मिळणं काही कमी नाही.

आता विषयाकडे. वानप्रस्थाची आपल्या मनातली कल्पना साधारण मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातली आहे. गृहस्थाला अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवाचं तोंड पाहून झालं, की त्यानं वनाची वाट धरावी. पत्नीला मुलांच्या हवाली करावं, नाहीतर बरोबर न्यावं. शाळेत आपण हे चार पायऱ्यांच्या जिन्यासारखं शिकलो: ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास.

पण हा जिना मुळात जिना नव्हता. पॅट्रिक ऑलिव्हेल यांचा आश्रमव्यवस्थेवरचा ग्रंथ १९९३ साली आला. जुनी धर्मसूत्रं वाचून त्यांनी दाखवलं की सुरुवातीला हे चार पर्याय होते. विद्या पूर्ण झाल्यावर तरुण माणसानं आयुष्यभरासाठी त्यांतला एक निवडायचा. गौतम आणि बौधायन यांच्यासारखे सूत्रकार तर खरा आश्रम गृहस्थाचाच, असा आग्रह धरतात. एकामागून एक चढायच्या पायऱ्या ही मांडणी नंतरची आहे. तिच्यामुळे वाद मिटला, कारण सगळंच करायचं, फक्त वेगवेगळ्या वयात. पण किंमत अशी पडली की वन ही निवड न राहता म्हातारपणाची व्यवस्था झाली.

आणि ही व्यवस्थाही टिकली नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्य प्रकरणावर विस्तारानं लिहिलं आहे. कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या याद्या पुराणांत आणि निबंधग्रंथांत आहेत, आणि त्यांत वानप्रस्थसुद्धा आहे. म्हणजे ज्या परंपरेच्या नावानं आपण 'आता वानप्रस्थ घ्यावा म्हणतो' असं निवृत्तीच्या समारंभात बोलतो, तिनंच तो कधीचा बंद केला! हे मी स्वतःच्या निरोप समारंभातही बोललो होतो, बरं का. कुणी हरकत घेतली नाही.

हे सगळं मी आष्टीपर्यंत हिला सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मुलांच्या हवाली करावं म्हणजे? मी काय तांदळाचं पोतं आहे?"

मी म्हटलं, बरोबर नेण्याचाही पर्याय दिलाय की. "तो त्याच्या मर्जीवर ना? जायचं की नाही हे तिला कुठं विचारलंय?"

खरं आहे. त्या वाक्याचा कर्ता पुरुष आहे आणि पत्नी कर्म. आपण लगेच मैत्रेयीचं नाव घेतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडताना दोन बायकांत वाटणी करायला निघतो, आणि मैत्रेयी विचारते, धनानं अमर होता येईल का. तो संवाद श्रेष्ठच आहे. पण दुसरी बायको होती, कात्यायनी. तिला त्या संवादात एक वाक्य नाही. वाटणी तिलाही मिळायची होती, प्रश्न मात्र तिला कुणी विचारला नाही. मी किती वर्षं हा उतारा शिकवला असेल; कात्यायनी हे नाव परीक्षेत रिकामी जागा भरायला दिलं असेल, एवढंच.

आलापल्लीच्या अलीकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येऊ लागले, लाल धूळ उडवत. हिचं सगळं लक्ष रस्त्यावर. मी गप्प बसलो.

आलापल्लीला पाहायलाच हवी अशी एक जागा आहे, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'. सहा हेक्टरांचा जुन्या सागाचा तुकडा, १९५३ पासून राखलेला. २०१४ मध्ये त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आजूबाजूचा सगळा साग पिढ्यानपिढ्या तोडून बाहेर गेला. या तुकड्यात झाड पडलं तरी उचलत नाहीत. आडवं पडलेलं खोड, त्यावर बुरशी, वाळवी, खालून नवी रोपं. अर्धा तास आम्ही तिथं काहीच बोललो नाही. पुढे कमलापूरला हत्ती कॅम्प आहे. हे हत्ती वन खात्यानं लाकूड ओढायला ठेवलेले. आता ओढायचं काम राहिलेलं नाही. हिवाळ्यात त्यांना सुट्टी देऊन पाय जडीबुटीच्या औषधानं शेकतात, त्याला 'चोपिंग' म्हणतात. हिनं तिथल्या माणसाला विचारलं, "गुडघ्यांना चालतं का हो?" तो म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी कढई मोठी पडेल."

भामरागडच्या रस्त्यावर मोहाखालची जमीन काळी दिसते. पहाटे फुलं गळतात, ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून लोक झाडाखालचं झाडून जाळतात. वारा असला तर ती आग पसरते, आणि वणवा लागतो. मला आश्रमवासिक पर्व आठवलं. युद्धानंतर पंधरा वर्षांनी धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात गेले. महाभारतातला हाच सगळ्यात सविस्तर वानप्रस्थ. तिघंही वणव्यात गेली. नंतर नारद युधिष्ठिराला सांगतात की तो अग्नी परका नव्हता. धृतराष्ट्रानं घरून बरोबर नेलेला, यज्ञाचा, वनात सोडून दिलेला अग्नी. तोच पसरला. व्यासांनी हा तपशील उगाच घातलेला नाही असं मला वाटतं. आमच्या डिकीत त्या वेळी पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके, फराळाचे चार डबे आणि माझ्या औषधांची पेटी होती.

आता आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा. अरण्य या शब्दाच्या मुळाशी 'अरण' आहे: दूरचं, परकं, आपलं नसलेलं. वेदकाळापासून ग्राम आणि अरण्य अशी जोडी आहे. गाव ते आपलं, आणि गावाबाहेरचं ते अरण्य. आरण्यकं हे ग्रंथसुद्धा गावापासून दूर जाऊन म्हणायचे. म्हणजे वानप्रस्थाची सगळी कल्पना एका गृहीतावर उभी आहे, की वनात कुणी राहत नाही. तिथं जाणं म्हणजे माणसांतून उठून जाणं.

हे गृहीत किती खरं आहे, ते भामरागडच्या अलीकडे कळलं. एका मोहाखाली एक बाई फुलं वेचत होती, टोपली अर्धी भरलेली. हिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. माडिया आणि मराठी मिसळून बोलत होती. आम्ही थांबलो तशी तिनं विचारलं, "कोनाकडं आले जी?"

ही म्हणाली, "कोणाकडे नाही. जंगल बघायला आलो."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग विचारलं, "मंग जेवान कोनाकडं?"

आपण प्रवासी हा शब्द वापरतो तेव्हा त्याला कुणाकडे जायचं नसतं हे गृहीतच धरतो. तिच्या भाषेत तशी जागाच नव्हती. जिथं जायचं तिथं कुणीतरी असणार. नसेल तर जायचं कशाला? तिला अरण्य ठाऊक नव्हतं, तिचं ते शेत होतं, कोठार होतं, देवघर होतं. नवा मोह, नवा आंबा पंडुम केल्याशिवाय माडिया माणूस तोंडात घालत नाही. आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, मग आपण. मनूनं वानप्रस्थाला जंगलातली कंदमुळं, फळं खायला सांगितली आहेत. ती कुणाची, हा प्रश्न त्या अध्यायात येत नाही.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली बाबा आमट्यांनी सुरू केला आणि डॉ. प्रकाश व मंदाताई आमटे यांनी तो उभा केला. तो सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यावर फार बोलत नाही. इतकंच की ते दोघं तिथं गेले ते तरुणपणी, आणि तिथल्या माणसांकडे गेले. जुन्या धर्मसूत्रांतल्या अर्थानं ही निवड होती, वयाची पायरी नव्हती. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम पाहिला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. मार्चमध्ये वाळूवर मुलं खेळत होती.

सिरोंचाला आम्ही दोन रात्री राहिलो. तिथं बाजारात तेलुगू चालतं, आणि मागे मुलचेरा-चामोर्शीच्या पट्ट्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं लागली होती. गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, झाडीबोली. पाच दिवसांत मला निर्मनुष्य असं काही दिसलं नाही.

परतताना मेंढा. लेखा-मेंढा म्हणून तुम्ही ऐकलं असेल: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवा, आणि तो अधिकार २०११ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेच्या हाती आला. मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून रस होता तो त्यांच्या निर्णय घेण्याच्या रीतीत. तिथं बहुमत नाही, सर्वसहमती आहे. आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा. त्या गटाला निर्णयाचा अधिकार नाही. मग ग्रामसभेत बसायचं. एकाचंही मन मानत नसेल तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. वेळ जातो. पण ज्याला मान्य नव्हतं, त्याच्यावर निर्णय लादला गेला असं होत नाही. आपल्या तर्कशास्त्रात मतभेद हा दोष मानून तो खोडून काढायचा असतो. इथं तो बैठक पुढे ढकलायचं पुरेसं कारण असतो.

गडचिरोलीला चहाला थांबलो तेव्हा ही म्हणाली, "आपला अभ्यास गट झाला. आता ग्रामसभा."

मी माझं मत सांगितलं: मुलाकडे जावं, उतारवय आहे, उद्या काही झालं तर. तिचं मन मानत नव्हतं. ती म्हणाली, "तिथं मी कोणाकडे असेन ते कळतं. पण माझ्याकडे कोण येईल?" मला उत्तर देता आलं नाही. विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबला, आणि मुलाला महिनाअखेरीस तसंच कळवलं. तो थोडा चिडला. त्याचंही चूक नाही. त्याच्या सभेत वेळेची मर्यादा असते.

अशा चार बैठका झाल्या. सध्या ठरलंय ते असं: दिवाळीनंतर तीन महिने मुलाकडे, परतीचं तिकीट आधी काढून. फ्लॅट विकायचा नाही. पॅसिफिकचा काठही बघू, तिथं गाडी मुलगा चालवेल. मोह गळायच्या आत परत यायचं, कारण त्या बाईनं आम्हाला त्या दुपारी घरी नेऊन भात आणि मुंग्यांची चटणी खाऊ घातली होती, आणि निघताना पुढच्या वर्षी कुणाकडे यायचं ते सांगितलं होतं.

आता प्रश्न घेऊ. माइक मागे द्या, त्या बाईंचा हात मघापासून वर आहे.