उणिवा बुजवल्या की धंदा वाढतो?

जवळा बाजार या गावात धंद्याचा विषय निघाला की रडगाणं ठरलेलं: मोठा कारखाना नाही, बंदर लांब, पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक हाताशी नाही. आधी हे सगळं भरून काढायचं आणि मग धंदा वाढवायचा, हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज.

शेजारच्या वसमतकडे तरी कुठे बंदर आहे? काळी जमीन, येलदरी-सिद्धेश्वरचं कालव्याचं पाणी आणि नऊ महिन्यांचं पीक लावण्यापासून शिजवण्या-वाळवण्यापर्यंत निभावणारे शेतकरी, एवढ्या भांडवलावर हळद उभी राहिली. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीची गोष्ट याहून बोलकी. मराठवाड्याची हळदही तिथे विकायला जाते, कारण सौदे, साठवण, पॉलिश आणि उधारीचा व्यवहार यांत सांगलीचा हात बसलेला आहे. लागवडीत पहिलं यायचा हट्ट त्या पेठेला करावा लागला नाही.

व्यवस्थापन-विचारवंत पीटर ड्रकर यांनी १९६७ च्या ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ या पुस्तकात हेच मांडलं: माणूस काय करू शकतो ते पाहून त्याला काम द्या, उणिवा कामाच्या आड येणार नाहीत अशी रचना करा. हिशेबात पक्का पण बोलण्यात तुसडा मुनीम गल्ल्यावर बसवून त्याला गोड बोलायला शिकवण्यात वर्ष घालवू नये. त्याच्याकडे वह्या द्याव्यात, गल्ल्यावर दुसरा बसवावा.

मात्र आपल्याला जे आवडतं ते आपलं बलस्थान, असं धरून चालणं चूक. बलस्थान गिऱ्हाईक ठरवतं. ज्याचं हळदीचं बेणं गावोगावचे शेतकरी दरवर्षी मागून नेतात, त्याने उगाच पावडरचा ब्रँड काढून गिरणी, पॅकिंग, परवाना आणि वितरकांच्या मागे पळावं का? माझ्या मते बेण्याचीच निवड आणखी काटेकोर करण्यात त्याचा पैसा लवकर वसूल होईल.

‘म्हणजे उणिवांकडे पाहायचंच नाही’ हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. काही उणिवा थेट भावावर येतात: व्यापारी हळदीची कांडी हातात घेऊन मोडतो. नीट वाळलेली खटकन तुटते, ओलसर असेल तर वाकते आणि भाव तिथेच खाली येतो. रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट मिसळणं तर सरळ विष कालवणं. माल नाकारला जाईल अशी उणीव आधी काढायची. बाकीच्यांपैकी काही दुसऱ्यावर सोपवायच्या, काही तशाच राहू द्यायच्या.

आणि मानांकन मिळालं की भाव आपोआप चढतो, असंही नाही. कायद्याने त्या नावाला संरक्षण मिळतं, दराची हमी नाही. मानांकनाचं नाव मालावर अधिकृतपणे लावायचं तर उत्पादकाने स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी केली नाही, तर ती हळद पोत्यात नुसती हळद म्हणूनच विकली जाते.