सपाट दारांना दिलह्यांचे रूप

इस्लामपुरात आणि वाळवा तालुक्यातल्या गावांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधलेल्या अनेक घरांची स्वयंपाकघरे एकाच धाटणीची आहेत. वर कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याच्याच उभ्या फरशा आणि त्यांना बसवलेली, सनमायका लावलेली प्लायची सपाट दारे. उसाचे बिल जमा झाले किंवा घरात लग्न ठरले की पहिली कुऱ्हाड याच दारांवर पडते. दारे जुनाट दिसतात, म्हणून सगळे उखडून मॉड्युलर किचन करायचे ठरते. माझे मत याच्या उलट आहे. प्लाय भक्कम असेल आणि बिजागऱ्या घट्ट असतील, तर ती दारे टाकण्याचे कारण नाही. त्यांच्यावर कडेने पट्ट्या बसवून दिलहेदार रूप घरच्या घरी देता येते. मात्र ही सजावट टिकायची असेल तर ती दाराच्या घडणीला धरून हवी, आणि ते शहाणपण आपल्या जुन्या सुतारकामातच आहे.

जुन्या वाड्यांतली दिलहेदार दारे आणि फडताळे पाहिली की दिलहे केवळ शोभेसाठी केले असावेत असे वाटते. त्यांचे मूळ कारण मात्र हवेतली ओल हे आहे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ते ओल पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. ओल्या लाकडापासून ते पूर्ण वाळेपर्यंत सागवानाच्या रुंदीत होणारा फरक पाच टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो, आणि सागवान तर कमी हलणाऱ्या लाकडांत मोडते. म्हणून रुंद, जखडलेल्या फळ्यांचे दार एप्रिलमध्ये तडकते आणि जुलैमध्ये चौकटीत अडकते. सुतारांनी यावर तोड काढली. अरुंद उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करायची, तिच्या आतल्या कडेला खाच घ्यायची आणि पातळ फळी, म्हणजेच दिलहा, त्या खाचेत न चिकटवता मोकळी बसवायची. फळी आतल्या आत हलते, दाराचे माप फारसे बदलत नाही. फळीच्या कडा खाचेत शिराव्यात म्हणून त्या रंध्याने उतरत्या केल्या गेल्या. त्या उतारावर पडणारी सावली हीच दाराची शोभा ठरली.

प्लायवूडने हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. त्यातल्या एकावर एक थरांचे तंतू परस्परांना काटकोनात असतात, त्यामुळे कोणत्याच दिशेला फारशी हालचाल होत नाही. दार सपाट करता आले, पण सावली गेली. ती परत आणताना बरेच जण दारभर एमडीएफची कोरीव शीट चिकटवतात आणि इथेच हिशोब चुकतो. दोन फूट उंच, दीड फूट रुंद आणि १९ मिलिमीटर जाडीचे प्लायचे दार साधारण सव्वातीन किलोचे असते. त्यावर ६ मिलिमीटरची अखंड एमडीएफ शीट बसवली तर सुमारे सव्वा किलो वजन वाढते. कडेने ५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या लावल्या तर वाढ अर्ध्या किलोहून कमी राहते. हा भार रोज बिजागरीचे स्क्रू सोसतात. शिवाय एकाच बाजूला अखंड शीट चिकटवली की दोन्ही बाजू ओल सारखी शोषत नाहीत आणि दार बाक धरू शकते. चांगला मिस्त्री दाराच्या आतल्या अंगालाही पातळ सनमायका लावतो, तो यासाठीच. कडेच्या पट्ट्यांनी हा तोल फारसा बिघडत नाही. जाडी मात्र वाढतेच. म्हणून दार शेजारच्या दाराला किंवा भिंतीला घासेल का, हे तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा लावून आधी पाहावे.

पुढचे यश चिकटवण्यावर अवलंबून आहे. वर्षानुवर्षे फोडणीच्या तेलाचा थर बसलेले दार आधी सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे लागते. नेहमीचे पांढरे फेविकॉल त्यातले पाणी लाकडात मुरून वाळते. सनमायका पाणी शोषत नाही, त्यामुळे तिच्यावर त्याची पकड कच्ची राहते. म्हणून पॉलिश पेपरने तिची चमक घालवावी, रबरी गोंद दार आणि पट्टी दोन्हींना लावावा आणि तो बोटाला चिकटेनासा झाला की पट्टी दाबून बसवावी. एकदा टेकलेली पट्टी सरकत नाही, त्यामुळे गुण्या धरून पेन्सिलीच्या रेघा आधी आखाव्यात. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, त्यांना प्रायमरचे दोन हात हवेतच. पीव्हीसीच्या पट्ट्या ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतात, त्या शेगडीजवळ नकोत. सीएनसीवर कापलेली नाजूक जाळी देवघराला किंवा शोकेसला शोभते, स्वयंपाकघरात तिच्यात तेल आणि धूळ साचते. हे काम भर पावसाळ्यात काढू नये. पाऊस सरल्यावरची, दिवाळीआधीच्या आवराआवरीची वेळ त्याला योग्य.

यावर एक आक्षेप असा की वरून चिकटवलेले दिलहे म्हणजे नुसता देखावा, कारण प्लायला त्यांची गरजच नाही. गरज नाही हे खरे, पण रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू सुंदर असावी ही इच्छा खोटी ठरत नाही. आतले दार मजबूत असताना वरचा साज कुणाला फसवत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरीच सगळे केले तर सुताराने काय करायचे? याचे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. ४५ अंशांत कोपरे अचूक कापणे, दार लेव्हलला आणणे आणि बिजागरी बदलणे ही कसबाची कामे आहेत, ती मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत. धुणे, घासणे, चिकटवणे आणि रंगवणे घरच्यांना जमते. दारे उखडली तर तयार कारखानी माल घरात येतो. जुनी राखली तर गावातल्या कसबी हाताला काम मिळते.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा आहे आणि तो काही घरांबाबत मान्यच करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा-वारणाकाठच्या ज्या घरांत पाणी शिरले, तिथे प्लायचे थर सुटले असतील तर वरच्या पट्टीने ते जुळणार नाहीत. वाळवी लागलेल्या दाराचेही तेच. पार्टिकल बोर्ड, मग तो उसाच्या चिपाडापासून केलेला का असेना, एकदा पाण्याने फुगला की त्यात स्क्रू धरत नाही. अशी दारे बदलणेच शहाणपणाचे. म्हणून निर्णय दिसण्यावरून न घेता पारखून घ्यावा. दारावर बोटाने ठोकून पाहावे, खालची कड तपासावी, बिजागरीचे स्क्रू पिळून पाहावेत. या तिन्ही कसोट्यांना उतरलेल्या दाराची बरीच वर्षे अजून शिल्लक आहेत. त्याला नवे रूप देण्याचा खर्च थोडा आहे, आणि टिकाऊ वस्तू टाकून न देता तिची कदर करण्याची आपली रीत त्यात राखली जाते.