न बोलता बोललेलं

तुम्ही आईबरोबर कुणाकडे तरी गेला आहात. समोर बशीत लाडू आलेत. एक संपला, दुसरा संपला, तिसऱ्याकडे हात जातोय, तेवढ्यात आईने नुसतं पाहिलं. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावरचं हसूही तसंच. पण तुमचा हात आपोआप मागे आला की नाही? वर त्या घरच्या काकू आग्रह करायला लागल्या, तरी "नको, पोट भरलं" म्हणालातच!

अशी बिनशब्दांची बोली आपण दिवसभर बोलत असतो, बरं का! बाबा कामावरून आल्यावर चपला कशा काढतात, त्या आवाजावरून प्रगतिपुस्तक आज पुढे करायचं की उद्या, हे तुम्ही ठरवताच. (मीही लहानपणी ठरवायची.) रुसलेली मैत्रीण "काही नाही झालं" म्हणते, पण तिची मान दुसरीकडे. बैलबाजारात तर व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून हजारोंचा सौदा करत आले आहेत. शेजारी उभ्या असलेल्याला किंमतीचा पत्ता लागत नाही.

ही बोली आपण शिकतो कधी? तर बोलायला लागायच्याही आधी. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही महिन्यांच्या बाळाशी आईने आधी हसायचं, खेळायचं. मग थोडा वेळ बाळासमोरच बसायचं, पण चेहरा अगदी दगडासारखा ठेवायचा. बाळांनी काय केलं? आधी आईकडे बघून हसून पाहिलं. पुन्हा हसून पाहिलं. आईचा चेहरा हलेना, तेव्हा शेवटी तोंड फिरवलं आणि अंग आखडून घेतलं. आई तर समोरच होती, रागावलीही नव्हती! पालकहो, हे वाचताना मला मोबाइलमध्ये बुडालेले चेहरे आठवले. त्यांत माझाही होता.

पण या बोलीत फसगतही होते. बल्गेरिया देशात 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना वर उचलतात. आपल्यातला कुणी तिथे जेवायला बसला, तर वाढणाऱ्याची आणि त्याची काय गंमत होईल, विचार करा!

माझी फसगत मात्र गमतीची नव्हती. चौथीचा वर्ग होता. सहलीचे पैसे मोजले तर पन्नास रुपये कमी. "कुणी घेतले?" मी विचारलं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. एकच जण मान खाली घालून, हात मागे बांधून उभा. "माझ्याकडे बघून बोल!" मी ओरडले. त्याची मान आणखी खाली गेली. झालं, मला वाटलं, चोर सापडला. तास संपेपर्यंत त्याला दाराशी उभं केलं.

दुसऱ्या दिवशी ती नोट माझ्याच हजेरीपटाच्या वेष्टनात सापडली. त्याच्या आजीला भेटायला गेले, तेव्हा कळलं की त्यांच्या घरात मोठ्यांच्या डोळ्याला डोळा देणं म्हणजे उद्धटपणा. मुलगा घरचं वळण पाळत होता आणि मी त्यात चोरी वाचत होते. खोटं बोलणारा नजर चुकवतो, असं आपल्याकडेच काय, जगभर मानतात. अभ्यासकांनी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. नुसत्या नजरेवरून खोटं ओळखता येत नाही, असंच दिसून आलं. डीएडला असताना हे कुणी सांगितलं असतं तर!

मी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो काहीच बोलला नाही, मान खालीच. मधल्या सुट्टीनंतर टेबलावर कागदात गुंडाळलेली मूठभर बोरं दिसली. कुणी ठेवली, मी विचारलं नाही. त्याचा पहिला बाक मात्र त्या आठवड्यात रिकामाच होता. मागच्या रांगेतून तो पुन्हा पुढे येऊन बसला, त्याला महिना लागला.