दुसऱ्याचं पात्र, आपली गोष्ट

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या डीसी कॉमिक्सने ‘द स्वॅम्प थिंग’ ही मालिका नव्याने सुरू केली. पात्र पन्नास वर्षं जुनं. शेवाळ, मुळ्या आणि चिखल यांचा बनलेला, लाल डोळ्यांचा एक महाकाय. आजवर तो वावरला तो मुख्यतः लुइझियानाच्या दलदलीत. या वेळी त्या हिरव्या देहात होता लेव्ही कामेई, मूळचा आसामातल्या काझीरंगाचा आणि न्यूयॉर्कमध्ये राहणारा तरुण. ही गोष्ट लिहिणारा होता मुंबईचा राम वेंकटेशन. मुखपृष्ठावर नाव नुसतं ‘राम व्ही’.

सुपरमॅन, बॅटमॅन आपल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांनाही पाठ असतात. त्यांच्या गोष्टी लिहितो कोण, हे मात्र आपण कधी विचारत नाही. त्या लिहिण्याचा धंदाच जगावेगळा आहे. कादंबरीकार स्वतःची पात्रं घडवतो आणि स्वतःच संपवतो. इथे पात्र कंपनीच्या मालकीचं असतं. आज एक लेखक येतो, दोन-तीन वर्षं लिहितो आणि जातो. त्याने जिथे सोडलं तिथून दुसरा उचलतो. शिवाय सगळी पात्रं एकाच जगात राहतात. गॉथम शहरात बॅटमॅनने काही उलथापालथ केली, तर शेजारच्या मालिकेतल्या लेखकालाही त्याची दखल घ्यावी लागते. अशा जगात जुनं पात्र घेऊन त्यात जीव ओतायचा, तर आधीच्या शेकडो अंकांचं ओझं खांद्यावर घेऊनच सुरुवात होते.

ही रीत रुळली १९५६ साली. दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरहिरोंचा बाजार बसला होता. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी ‘शोकेस’ मालिकेच्या चौथ्या अंकात १९४० सालचा ‘फ्लॅश’ परत आणला, पण नाव आणि वेग एवढंच ठेवून. माणूस नवा, पोशाख नवा, धंदाही नवा. लेखक रॉबर्ट कॅनिघर आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी त्यात एक सुरेख गाठ मारली. नवा फ्लॅश बॅरी ॲलन लहानपणापासून जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचत आलेला दाखवला. मग १९६१ मध्ये गार्डनर फॉक्स यांनी दोघांची भेट घडवली आणि सांगितलं, की जुना फ्लॅशही खराच आहे, फक्त तो दुसऱ्या पृथ्वीवर राहतो. पुढे या पृथ्व्यांची इतकी गर्दी झाली, की १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांना बारा अंक खर्च करून त्यांची एकच पृथ्वी करावी लागली. २०११ मध्ये डीसीने बहुतेक सगळ्यांचीच पाटी पुसून ५२ मालिका एकदम पहिल्या अंकापासून काढल्या. वाचकांची जुनी नाती त्यात तुटली आणि २०१६ मध्ये कंपनीला त्यातली बरीच परत जोडावी लागली. पाटी पुसणं मला कधीच पटलेलं नाही. ज्याला जुनं वाचायचा कंटाळा असतो, तो आधी पुसायला धावतो.

जुनं मन लावून वाचल्यावर काय हाती लागतं, हे स्वॅम्प थिंगइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी १९७१ मध्ये ‘हाऊस ऑफ सीक्रेट्स’च्या ९२ व्या अंकात एक सुटी भयकथा केली. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, नायक ॲलेक्स ओल्सन. ती वाचकांना एवढी आवडली, की पुढच्याच वर्षी दोघांनी मालिका काढली. तीत त्यांनी काळ बदलला, माणूस बदलला. आता नायक होता शास्त्रज्ञ ॲलेक हॉलंड. प्रयोगशाळेत बॉम्ब फुटतो, रसायनांनी माखलेला हॉलंड जळत जळत दलदलीत उडी घेतो आणि तिथून जे बाहेर येतं ते हे प्रकरण. म्हणजे या पात्राची पहिली डागडुजी त्याच्या जन्मदात्यांनीच केली होती. पुढे हॉलंड कित्येक वर्षं एकाच आशेवर फिरत राहिला, की आपण कधीतरी पुन्हा माणूस होऊ. तो माणूस झाला असता तर मालिका संपली असती, म्हणून लेखक त्याला कायमचा माणूस होऊ देत नव्हते. कथा जागच्या जागी फिरत होती. १९८२ मध्ये सिनेमा आला म्हणून मालिका पुन्हा निघाली, तरी खप घसरतच गेला आणि ती बंद पडायच्या बेताला आली.

अशा वेळी, १९८४ च्या सुरुवातीला, ती ॲलन मूर या इंग्रज लेखकाच्या हाती पडली. गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला मोकळं रान मिळालं. त्याच्या दुसऱ्याच अंकात, म्हणजे २१ व्यात, गोळ्या लागून मेलेला स्वॅम्प थिंग एका बड्या कंपनीच्या शीतगृहात ठेवलेला आहे आणि जेसन वूड्रू त्याचं शवविच्छेदन करतोय. हा वूड्रू म्हणजे १९६२ सालचा, सगळे विसरून गेलेले, असा एक दुय्यम खलनायक. छाती उघडल्यावर त्याला फुप्फुसासारखं काहीतरी सापडतं, पण त्यातून श्वास वाहणं शक्यच नाही. मूत्रपिंडासारखं काहीतरी आहे, पण ते काही गाळू शकत नाही. सगळे अवयव जागच्या जागी आणि एकही कामाचा नाही. मग उलगडा होतो. हॉलंड त्या रात्रीच मेला होता. दलदलीतल्या वनस्पतींनी त्याचं प्रेत पचवलं, त्याच्यासोबत त्याची स्मृती पचवली आणि त्या वनस्पतीला वाटू लागलं, की आपणच हॉलंड. जो पुन्हा माणूस व्हायला धडपडत होता, तो कधी माणूस नव्हताच.

मूरने मागच्या अंकांतली एकही घटना खोटी ठरवली नाही. आग लागली होती, उडी मारली होती, महाकाय बाहेर आला होता, सगळं तसंच. त्याने फक्त विचारलं, की हे सगळं खरं असेल तर या देहाच्या आत नेमकं काय असेल? आधीच्या लेखकांनी लिहिलेलं त्याने पुरावा म्हणून वाचलं. पुढे त्याने १९७१ चा ॲलेक्स ओल्सनही वाया जाऊ दिला नाही. युगानुयुगं पृथ्वीला असे रक्षक लाभत आले, ओल्सन त्यांतलाच एक, आणि जुने रक्षक झाडं होऊन एका सभेत बसलेले आहेत, असं त्याने मांडलं. एक सुटी, विसरलेली भयकथा मालिकेच्या पोटात अलगद बसली. आणि एक दारही उघडलं. रक्षक अनेक होऊन गेले असतील, तर यापुढेही होऊ शकतात.

त्या दारातून राम व्ही आत आले. ते शिकले रसायन अभियांत्रिकी, नंतर लंडनमध्ये सर्जनशील लेखनाचं शिक्षण घेतलं. भारतात त्यांनी ‘होली काऊ’ या प्रकाशनासाठी ‘अघोरी’ लिहिलं. ‘ग्राफिटीज वॉल’ ही मुंबईतल्या पोरांची चित्रकादंबरी केली. ‘दीज सॅव्हेज शोअर्स’मध्ये अठराव्या शतकातल्या मलबार किनाऱ्यावर विलायतेचा रक्तपिपासू आणि इथला राक्षस समोरासमोर आणले, त्याची चित्रं सुमित कुमार यांची. डीसीने स्वॅम्प थिंग हाती दिला तेव्हा हॉलंडचीच कथा पुढे रेटणं सोपं होतं. त्यांनी नवा माणूस घेतला आणि त्याच्यामागे जमिनीचा प्रश्न लावला. लेव्हीच्या गावच्या जमिनीवर कंपनीचा डोळा आहे. लेव्ही स्वतः त्याच कंपनीच्या जगात पोट भरतो आणि सख्खा भाऊ जेकब त्याच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. गाव सोडून शहरात कमवायला गेलेल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही घराला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. झाडामुळांचा देव जमिनीच्या भांडणातून उभा राहावा, हे मला पात्राच्या स्वभावाला धरून वाटतं. मालिका आधी दहाच अंकांची ठरली होती. ती वाढवून सोळा अंकांची केली गेली.

या मालिकेची चित्रं माइक पर्किन्स यांची आणि अक्षरं आदित्य बिडीकर यांची. अक्षरकार हा कॉमिक्समधला सगळ्यांत दुर्लक्षित माणूस. लेखक पानापानाची, चौकटी-चौकटीची संहिता लिहितो, चित्रकार काढतो, रंगकार रंग भरतो आणि शेवटी संवादांचे फुगे बसतात. पण वाचकाला पात्राचा आवाज ऐकू येतो तो या फुग्यांतूनच. मूरच्या अंकांत स्वॅम्प थिंगचे फुगे नारिंगी आणि वेड्यावाकड्या कडांचे असत, आणि दर दोन-चार शब्दांनंतर टिंबं. घशात माती असलेला कुणी एकेक शब्द उपसून काढतोय, हे नुसत्या फुग्यावरून कळे. ते काम जॉन कोस्टान्झा यांचं. तो आवाज ओळखीचा ठेवून त्यात दुसरा माणूस बोलता करायचा, ही जबाबदारी २०२१ मध्ये बिडीकरांकडे आली. ‘दीज सॅव्हेज शोअर्स’चीही अक्षरं त्यांचीच आहेत.

आता थोडं आमच्या अणदूरबद्दल. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं, तुळजापूर तालुक्यातलं हे गाव बाहेर ओळखलं जातं ते खंडोबामुळे. मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. मार्गशीर्षात देव निघायच्या वेळी दोन्ही गावांचे मानकरी बसून लेखी करार करतात आणि मगच पालखी हलते. पौष पौर्णिमेला मैलारपूरची मोठी यात्रा भरते. देव कुणा एका गावाचा नाही. ज्या गावी तो असेल, त्या गावाने त्याची सेवा करायची आणि मुदत संपली की सुखरूप दुसऱ्याच्या हवाली करायचा. कंपनीचं पात्र लेखकाच्या हाती येतं आणि जातं, ते मला याच कराराच्या उजेडात नीट उमगलं.

खंडोबाची कथाही अशीच वाढत आली. कर्नाटकात तो मैलार, तेलंगण-आंध्रात मल्लन्ना, आपल्याकडे मल्हारी मार्तंड. म्हाळसा लिंगायत वाण्याघरची आणि बाणाई धनगराघरची. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ मध्ये ‘खंडोबा’ या पुस्तकात या दैवताचे धागे उलगडले. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांसोबत हिंडून त्यांच्या ओव्या जमवल्या. जो समाज या देवाकडे आला, त्याने आपलं माणूस कथेत आणलं आणि आधीच्यांना बाहेर काढलं नाही. बाणाई आली म्हणून म्हाळसा गेली नाही. उलट दोघींचं भांडण हाच जागरणातला सर्वांत रंगणारा भाग झाला.

छापील मराठी गोष्टींत मात्र हे आपण फार कमी केलं. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि लवकरच मराठीतही येऊ लागली. ली फॉकचा फँटम त्यात ‘वेताळ’ झाला. भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून मूळच्या ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. पण ते नावापुरतं. अस्सल मराठी पात्राची मोठी दुरुस्ती पाहायची तर ‘फास्टर फेणे’च्या २०१७ च्या सिनेमाकडे वळावं लागतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तिथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. शिवाय दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने स्वतः भागवतच कथेत पात्र म्हणून आले. नवा फ्लॅश जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचतो, त्याच जातीची ही गाठ. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी पुढे २०२४ मध्ये कोकणातला ‘मुंज्या’ हिंदी पडद्यावर आणला, तोही ‘स्त्री’ आणि ‘भेडिया’ ज्या सामायिक जगात घडतात, त्याच जगात. फेणेच्या सिनेमाचा पुढचा भाग यायला हवा होता, असं मला अजूनही मनापासून वाटतं.

राम व्हींनी त्यानंतर २०२२ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ घेतलं. बॅटमॅनचा जन्म १९३९ मध्ये याच मासिकात झाला. तिथे त्यांनी एखाद्या संगीतिकेसारखे अंक पाडून दीर्घ कथा रचली. डिसेंबर २०२४ पासून ते जॅक कर्बीच्या ‘न्यू गॉड्स’कडे वळले. चित्रकार इव्हान केगल. कर्बीने १९७१ मध्ये रचलेल्या या देवांच्या कथेत दोन शत्रू राजे तहासाठी आपापले मुलगे अदलाबदल करतात. नव्या मालिकेत एका नव्या देवाच्या जन्माचं भाकीत होतं आणि ते मूल मोठं होण्याआधीच मारून टाका, असा हुकूम त्या मुलग्यांपैकी एकाला, ओरायनला मिळतो. गोकुळाष्टमीला कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाच्या ओळखीची ही भीती आहे. कर्बीच्या मूळ मांडणीत ती आधीपासूनच दबा धरून होती, असंच वाटत राहतं.

या सगळ्याची एक कडू बाजूही आहे. लेव्ही कामेई राम व्हींनी घडवला, पण मालकी डीसीची. उद्या दुसऱ्या कुणी त्याला मारलं, तर त्यांना अडवता येणार नाही. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले आणि पुढचं आयुष्य ते परत मिळवायच्या झगड्यात घालवलं. स्वतः मूरचंही डीसीशी कायमचं बिनसलं. म्हणूनच आजचे शहाणे लेखक दोन्ही डगरींवर पाय ठेवतात. राम व्हींनीही स्वॅम्प थिंग लिहिता लिहिताच २०२१ मध्ये ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ हे स्वतंत्र पुस्तक फिलिप आंद्रादेच्या चित्रांसह केलं. मुंबईत अमरत्वाचा शोध लावणारं मूल जन्माला येणार, म्हणून साक्षात मृत्यूदेवतेची नोकरी जाते आणि ती मुंबईतल्याच एका मुलीच्या देहात राहायला येते.

ज्याने कॉमिक्स कधी हातात धरलं नाही, त्याने सुरुवात लैला स्टारने करावी. पाचच अंक आहेत आणि मागचं काही ठाऊक असायची गरज नाही. मग स्वॅम्प थिंगचे सोळा. मूरचे अंक आधी वाचले तर ही गोष्ट दुप्पट लागते. नाही वाचले तरी अडत नाही, कारण आपल्या देहाला काय झालंय हे सुरुवातीला लेव्हीलाही ठाऊक नसतं. ते त्याला वाचकाबरोबरच कळत जातं.