मांडव्याच्या घरगुती कारखान्यातला लेथ

रायगड किनाऱ्यावरच्या मांडव्यासारख्या गावात घरी लेथ बसवणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे खारी, दमट हवा. उघडे लोखंड इथे लवकर गंजते. म्हणून काम संपताच बेडवरचा कीस झाडावा, ओलावा पुसून तेलाचा पातळ थर द्यावा. पावसाळ्यात तर यात खंड नको.

शिकण्याची सुरुवात फेसिंग आणि साध्या टर्निंगपासून करावी. टूलचे टोक कामाच्या मध्यरेषेच्या उंचीवर हवे. गती व्यासावर ठरते: हायस्पीड स्टीलच्या टूलने २५ मिमी व्यासाचे माइल्ड स्टील मिनिटाला ३० मीटर वेगाने कापायचे, तर चक मिनिटाला सुमारे ३८० फेरे फिरावा. टूल ०.१ मिमी आत गेले, की व्यास ०.२ मिमीने घटतो. चकची किल्ली काढल्याशिवाय मोटर सुरू करू नये. चष्मा घालावा, हातमोजे व सैल बाह्या टाळाव्यात.

सुधारणांमध्ये आधी स्लाइडमधला ढिलेपणा काढावा. जुन्या थ्री-फेज मोटरला घरच्या सिंगल-फेज विजेवर चालवण्यासाठी व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलणारा ड्राइव्ह) लावता येतो. त्याने गतीही हवी तशी बदलते. मात्र मोटर २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीस योग्य हवी आणि अर्थिंग पक्के हवे. दुसरी सुधारणा म्हणजे डीआरओ (अंकी मापदर्शक). तो स्लाइडची जागा थेट मोजतो, त्यामुळे स्क्रूच्या बॅकलॅशची (मोकळ्या फिरण्याची) चूक मापात येत नाही. मात्र झिजलेला बेड तो सुधारत नाही. म्हणून जुने यंत्र घेताना सर्वात आधी बेडच तपासावा.